सायसिंगला लाहेला बोलावू नका

आमच्या संस्थेत हार आणायला बंदी आहे. शहाद्याला शांतीलाल शेठच्या साड्यांच्या दुकानावर एक खोली आहे, तीच आमची कचेरी. जिन्याच्या भिंतीवर गोकुळने खडूने लिहून ठेवलं आहे, 'हार, शाल, नारळ खालीच ठेवून वर या.' त्याला उजवा हात नाही, त्यामुळे अक्षर उताराला लागल्यासारखं दिसतं, पण वाचता येतं. तरी कुणी ना कुणी हार घेऊन येतंच. शेठ तो हार गल्ल्यामागच्या तसबिरीला घालतात आणि म्हणतात, "देवले चालस, ह्याले नही चालस." शेठचं घराणं मूळचं मारवाडातलं, पण अहिराणी ते माझ्यापेक्षा झकास बोलतात.

गोकुळ लोणखेड्याचा. फौजेत हवालदार होता. स्फोटात हात गेला आणि तो घरी आला. त्यानंतर दर पंधरा ऑगस्टला आणि सव्वीस जानेवारीला कुठल्या ना कुठल्या शाळेत त्याचा सत्कार. शाली इतक्या जमल्या की त्याच्या बायकोने त्यांची गोधडी शिवली. एका शाळेत मुख्याध्यापक शाल घेऊन पुढे आले तेव्हा हा माईकमध्ये म्हणाला, "माले शाल नको, काम द्या. वरीसमा दोनच दिन मी जित्ता शे का?" पोरं हसली, टाळ्या पडल्या. स्टेजवर देणगीदार म्हणून शेठ बसले होते. ते हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी गोकुळला दुकानात बोलावून चहा पाजला आणि वरच्या खोलीची किल्ली दिली. संस्था अशी सुरू झाली.

मी नंतर आलो. मी कळसाडीचा, घरी कापूस आणि ऊस. फौजेत मी नर्सिंग असिस्टंट होतो, म्हणजे डॉक्टरच्या हाताखालचा माणूस. पुढच्या चौकीवरून जखमी जवान आला की रक्त थांबवायचं, सलाईन लावायचं आणि गाडीत घालून मोठ्या इस्पितळाकडे पाठवायचं. पुढे तो चालला का, घरी गेल्यावर त्याच्या बायकोने त्याच्याकडे कसं पाहिलं, हे मला कधी कळलं नाही. मी विचारलंही नाही. विचारलं असतं तर दुसऱ्या दिवशीच्या माणसाला हात लावता आला नसता, असं मी स्वतःला सांगायचो. पूर्ण नोकरी करून मी दोन्ही हात, दोन्ही पाय घेऊन घरी आलो. उसाला पाणी देताना चिखलात उमटलेले माझे दोन पाय दिसायचे आणि गाडीत घातलेली माणसं आठवायची. बायको म्हणायची, "तुम्हना जीव आठे शे, का तठेच ऱ्हायना?"

गोकुळची गाठ पडली तेव्हा मी हे सगळं त्याच्यापुढे ओतलं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "रडाले टाइम नही. तुले ड्रेसिंग करता येस ना? मंग चाल."

आमचं काम काय, हे बाहेरच्यांना सांगणं अवघड जातं. लोकांना वाटतं आम्ही पेन्शनची कामं करतो. ती करायला सरकारी कचेरी आहे. आम्ही घरी परतलेल्या जखमी सैनिकाकडे जातो आणि दोन प्रश्न विचारतो. तुझ्या गावात काय अडलंय? आणि त्यातलं तुला काय जमेल? गोकुळ स्वतः लोणखेड्याच्या माळावर भरतीला जाणाऱ्या पोरापोरींना पळवतो. तळोद्याकडच्या एका जवानाची दृष्टी गेली. तो रोज सकाळी गावातल्या म्हाताऱ्यांना फोन करून गोळी घेतली का विचारतो, आणि नाही म्हटलं की फौजी शिव्या देतो. त्या गावात रक्तदाबाची गोळी चुकवायची कुणाची हिंमत नाही.

या अंकासाठी लिहा असं सांगणाऱ्यांना अशाच गोष्टी हव्या असणार. त्या पुष्कळ आहेत आणि मला त्यांचा अभिमानही आहे. पण मला लिहायचं आहे ते सायसिंग वसावेबद्दल, कारण त्याच्या बाबतीत आम्ही मदत करायला गेलो आणि त्याच्याकडे उरलं होतं तेही काढून घेतलं. आम्ही म्हणजे मी.

सायसिंगचा पाडा मोलगीच्या वर आहे. मोलगीपासून जीप एका टेकडीच्या पायथ्यापर्यंत जाते, पुढे पायवाट. सुरुंगावर पाय पडून त्याचा डावा पाय गुडघ्याखाली गेला होता. पुण्याला कृत्रिम पाय बसवून घेऊन तो घरी आला. असा पाय सपाट फरशीवर चालण्यासाठी असतो. उरलेल्या पायाचा ठुंठ त्या पायाच्या कपात बसतो, आणि ठुंठ दिवसभरात थोडा बारीक होतो. मग कप सैल पडतो, घासतो, कातडी सोलते. डोंगराच्या उतारावर तर विचारूच नका. जखम चिघळली तर हाडापर्यंत जाते आणि पुन्हा कापावं लागतं. असं कापलेलं मी पाहिलं होतं.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा तो घरी नव्हता. त्याची बायको जामी अंगणात मका सोलत होती. म्हणाली, "लाहेला गेलाय."

लाह म्हणजे काय, हे मला माहीत होतं असं मला वाटत होतं. एखाद्याच्या शेतात निंदणी असते, कुणाला घर उभारायचं असतं. आदल्या संध्याकाळी त्या घरचा माणूस दारोदार फिरून सांगतो, उद्या आमच्याकडे लाह. सकाळी घरटी माणसं येतात, काम करतात, संध्याकाळी त्याच घरी जेवतात. मजुरी नाही, हिशेब नाही. आज तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे. डोंगरातली शेतं आणि घरं अशीच उभी राहतात.

मी शेतावर गेलो. उतारावर माणसं ओळीने ज्वारी निंदत होती. सायसिंग बसून, ढुंगणावर सरकत सरकत, विळ्याने गवत काढत होता आणि बोलत होता. काय बोलत होता ते भिलीत होतं, पण ओळीतल्या बाया हसून हसून विळे खाली ठेवत होत्या. आज ते चित्र माझ्या डोळ्यांपुढे जसंच्या तसं उभं आहे. त्या वेळी मला त्यातलं काही दिसलं नाही. मला त्याच्या पायाच्या कपातून ओघळलेलं रक्त दिसलं.

मी त्याला तिथेच बाजूला घेतलं, पाय उतरवला, ठुंठ धुतला. कातडी सोलून निघाली होती. मी ओरडलो, "मरायचंय का?"

"उस्ताद, निंदणी आहे," तो म्हणाला. फौजेत वरच्या माणसाला उस्ताद म्हणतात, आणि माझा हुद्दा कळल्यापासून तो मला तेच म्हणत होता.

फौजेत एक सोय असते. जखमी किंवा आजारी माणसाला डॉक्टर कामातून सूट लिहून देतो. मग त्याला परेडला कुणी बोलावत नाही. मी आयुष्यभर अशा सुटी मिळवून दिल्या होत्या आणि प्रत्येक वेळी माणसाच्या चेहऱ्यावर सुटकेचा आनंद पाहिला होता. तीच सवय मी डोंगरावर घेऊन गेलो.

संध्याकाळी सगळे जेवायला बसले, तेव्हा मी उभा राहिलो. गावचे कारभारी खेमजी समोर होते. मला भिली येत नाही, म्हणून मी सायसिंगलाच म्हटलं, मी बोलतो ते गावाला सांग. आणि मी भाषण केलं. या माणसाने देशासाठी पाय दिला आहे. त्याने पुरेसं केलं आहे. आजपासून सायसिंगला लाहेला बोलावू नका. तुम्ही त्याच्या शेतात जा, पण त्याला विश्रांती द्या.

सायसिंग सावधान उभा होता. त्याने माझं प्रत्येक वाक्य भिलीत करून सांगितलं. एकही शब्द गाळला नाही, बदलला नाही. नजर समोर, कुणाच्याही डोक्यावरून पलीकडे. 'सायसिंगला लाहेला बोलावू नका' हे सायसिंगच्याच तोंडून गावाने ऐकलं. कुणी काही बोललं नाही. मला वाटलं, आदराने गप्प बसले आहेत.

पुढचं वर्षभर मी महिन्या-दोन महिन्यांनी जायचो, ठुंठ तपासायचो. जखम इतकी सुरेख भरली की मी मोबाइलवर फोटो काढून गोकुळला दाखवला. त्याने फोटो बघितला, मोबाइल परत दिला आणि विचारलं, "पाय ते चांगला शे. मानूस कसा शे?"

वर्षभर मी फक्त पायाकडे बघितलं होतं. गाडीत घालून पुढे पाठवायचं आणि विचारायचं नाही, ते मी अजूनही करत होतो.

पुढच्या खेपेला मी ड्रेसिंगची पिशवी उघडलीच नाही. आधी घर बघितलं. मागच्या बाजूचं छप्पर खचलं होतं. एक वासा मोडून आत लोंबत होता, कौलं सरकून ढीग झाला होता, आणि आतली भांडी एका कोपऱ्यात गोळा केली होती. शेतातली ज्वारी जामीने एकटीने जमेल तेवढी काढली होती, बाकीची गुरांनी. सायसिंग ओट्यावर बसला होता. सकाळीच दारू घेतली होती हे वासावरून कळत होतं.

"लाह का बोलावली नाहीस?" मी विचारलं.

"कोणत्या तोंडाने बोलावू, उस्ताद? त्यांच्याकडे मी जात नाही."

"पण मी सांगितलं होतं ना, त्यांनी तुझ्याकडे यायचं..."

"आले होते. पहिल्या निंदणीला सगळे आले. काम केलं, जेवले, गेले. मी ओट्यावर बसून बघितलं. पाहुण्यासारखा." त्याने दाराकडे बघितलं. "मग मी बोलावणंच सोडलं. आता संध्याकाळी कुणी लाह सांगत फिरतं, तेव्हा आमचं दार सोडून पुढे जातं. पायांचा आवाज येतो. जामी दिवा बारीक करते."

मी म्हणालो, "माझं चुकलं."

तो हसला. चांगलं हसणं नव्हतं ते. "फौजेने मला पेन्शन देऊन घरी पाठवलं, उस्ताद. तुम्ही गावातून बिनपेन्शन काढलं."

हे वाक्य मी कचेरीत येऊन गोकुळला आणि शेठना सांगितलं. शेठ म्हणाले, "आपन त्याले हारच घाला व्हता ना. दिखना नही इतकंच." खरं होतं. आमच्या जिन्यावर हार बंद होते, पण माझ्या सहानुभूतीचा हार मी त्या माणसाच्या गळ्यात घालून त्याला भिंतीवर टांगून आलो होतो.

मी ठरवलं, हे निस्तरायचं. कितीही खेपा लागोत.

पहिली खेप खेमजी कारभाऱ्यांकडे. डोंगरात सगळ्यांना 'तू'च म्हणतात, त्यात अपमान नसतो. ते मोडक्या मराठीत म्हणाले, "तू बोलला, बोलावू नका. आम्ही ऐकलं. आता तू बोलतो, बोलवा. उद्या काय बोलशील? गाव तुझी पलटण आहे का?"

"मी माफी मागतो."

"माफी घेतली. पण तू सांगितलं म्हणून बोलावलं, तर तो तुझा माणूस म्हणून येईल, गावाचा म्हणून नाही. त्याला उठू दे. कुणाच्या कामात उभा राहिला की बोलावणं आपलं आपण चालत येतं."

सायसिंग उठायला तयार नव्हता. मी त्याला आमचे दोन प्रश्न विचारले. तुझ्या गावात काय अडलंय? तो म्हणाला, "रस्ता." हे काही आम्हाला जमणारं नव्हतं. पण रस्ता नाही म्हणजे आजारी माणूस झोळीतून जातो. एका लांब बांबूला गोधडी बांधायची, त्यात माणसाला घालायचं आणि दोघांनी पुढे-मागे खांदा देऊन जीपपर्यंत न्यायचं. झोळीत माणूस दुमडतो, उतारावर डोकं खाली जातं, आणि खांदा बदलताना हेलकावे बसतात. स्ट्रेचर मात्र सायसिंगलाही माहीत होतं आणि मलाही. तो त्यावरून आला होता आणि मी ते उतरवून घेत होतो.

मी शेठना सांगितलं. शेठनी सुरतेहून लोखंडी, घडीचं, चकचकीत स्ट्रेचर आणवलं. आम्ही ते डोंगरावर चढवायला निघालो आणि पहिल्याच वळणावर दोन खडकांमध्ये ते अडकलं. ना पुढे, ना मागे. सायसिंग वरून काठी टेकत बघायला आला होता. वर्षभरात पहिल्यांदा त्याच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं.

"उस्ताद, मोलगीच्या बाजारात भजी मांडायला झकास आहे हे."

मग बांबूचं केलं. वाटेला मावेल इतकं अरुंद, दोन्ही बाजूंनी चार जणांना धरता येईल असं. बांबू गावातला, बांधणी सायसिंगची. पट्टे शेठच्या दुकानातले, साड्यांचे गठ्ठे आवळायचे. वर अंथरायला गोकुळच्या बायकोने शालींची गोधडी दिली. गोकुळ म्हणाला, "आते कामले लागन्यात."

गावाने स्ट्रेचरकडे ढुंकून बघितलं नाही. खेमजी म्हणाले, "बापजाद्यांपासून झोळी आहे." पण आम्ही सराव सोडला नाही. ज्वारीचं पोतं स्ट्रेचरवर बांधायचं आणि वाटेने खाली-वर न्यायचं. उचलायला मी आणि जामी, सायसिंग पुढे उभा राहून पावलं सांगणार. उतरताना पाय पुढे, चढताना डोकं पुढे, म्हणजे डोकं नेहमी वर राहतं. जामी मागचं टोक सहज धरायची. मी धापा टाकायचो. "हा तर पोत्याखाली वाकला," ती नवऱ्याला म्हणायची, "माणूस कसा नेईल?" आणि सायसिंग मला नवख्या रंगरुटाला ओरडावं तसा ओरडायचा. त्या दिवसांत त्याने घ्यायची कमी केली. मी त्याबद्दल एक शब्दही काढला नाही. शिकत होतो.

थंडीत पाड्यावरची तरणी माणसं गुजरातेत ऊसतोडीला जातात, होळीला परततात. मागे उरतात म्हातारे, मुलं आणि काही बाया. अशाच एका थंडीत मी सायसिंगकडे गेलो होतो. त्याच्या ठुंठाला सरावामुळे पुन्हा थोडं घासलं होतं आणि मी पट्टी बांधत होतो. तेवढ्यात खेमजींची म्हातारी धावत आली. सून रविता पहाटेपासून अडली होती. नवरा उसात.

मी गेलो. दाईने रविताच्या पोटावर हात ठेवून माझ्याकडे बघितलं आणि हात आडवा फिरवून दाखवला. बाळ आडवं होतं. तिथे मला काहीही करता येणार नव्हतं. ऑपरेशन हाच उपाय. खेमजी झोळीचा बांबू घेऊन उभे होते, आणि खांदा द्यायला त्यांच्याखेरीज एकच म्हातारा. रविताला त्या झोळीत दुमडून घालायचं होतं.

बाहेर आवाज झाला. सायसिंग पाय चढवून आला होता, मागे जामी, आणि दोघांच्या मध्ये स्ट्रेचर. कुणी बोलावलं नव्हतं.

माझ्या तोंडात आलं होतं, "सायसिंग, तू थांब, जखम..." त्याने माझ्याकडे बघितलं. मी तोंड मिटलं. माझ्या सगळ्या नोकरीत मी इतकं कठीण काम केलं नव्हतं.

"कारभारी," तो म्हणाला, "जामी, उस्ताद आणि शेजारच्या दोन बाया धरतील. कोण दमलं ते बघू नका, मी सांगेन तेव्हा हात बदला."

खेमजी चाचरले. "बायांनी न्यायचं?"

"पुरुष उसात आहेत. हाक मारू का?"

एका बाईला त्याने फोन देऊन पुढे पाठवलं. टेकडीच्या टोकावर रेंज येते, तिथून जीप बोलवायची. आम्ही रविताला शालींच्या गोधडीवर घेतलं, पट्टे आवळले आणि निघालो. सायसिंग सगळ्यांच्या पुढे, काठीने दगड चाचपत, पावलं मोजून सांगत. भिलीत सांगत होता, पण चाल फौजेची होती. रविता कण्हत होती. त्याने मध्येच तिला काहीतरी म्हटलं आणि ती एवढ्या कळांतही त्याला शिवी हासडून हसली. जामीने मला अर्थ सांगितला. तो म्हणाला होता, "मला आणलं तेव्हा मी तुझ्यापेक्षा जास्त ओरडत होतो."

वाटेत एक जागा आहे. खडक तुटलेला, माणसाच्या उंचीएवढा, आणि पायाखाली भुसभुशीत. झोळीवाले तिथे घसरतात. वरच्याने टोक धरून ठेवायचं आणि खालच्यांनी उतरून ते घ्यायचं. वर उभं राहून कुणी धरायचं? मी पुढे झालो आणि माझाच पाय घसरला.

"मागे व्हा," सायसिंग म्हणाला. तो खडकाच्या कडेला बसला, पाय उतरवला आणि खेमजींच्या हातात दिला. ठुंठ आणि दुसरा पाय दोन कपारींत रोवले. "बांबू माझ्या खांद्यांवर द्या. बसलेल्या माणसाचा पाय घसरत नाही, उस्ताद."

आम्ही दोन्ही बांबू त्याच्या खांद्यांवर टेकवले आणि एकेक करून खाली उतरलो. तेवढा वेळ रविताचं डोक्याकडचं सगळं वजन तो एकटा पेलून होता. हलला नाही. खालून मी पाहत होतो. माझ्या बांधलेल्या पट्टीतून रक्त येत होतं आणि ते खडकावर ओघळत होतं. या वेळी मला रक्तही दिसलं आणि त्याचा चेहराही दिसला. निंदणीच्या ओळीत होता, तोच चेहरा होता तो.

आम्ही टोक धरलं. मग तो बसूनच सरकत खाली उतरला. खेमजी कारभारी त्याच्या मागे उतरले, एका हाताने खडक धरून आणि दुसऱ्या काखेत तो पाय घट्ट दाबून. खाली आल्यावर त्यांनी तो दोन्ही हातांनी सायसिंगपुढे धरला.

जीप आली होती. मोलगीहून मोठ्या गाडीने पुढे नेलं. ऑपरेशन झालं, मुलगी झाली. दोघी जगल्या. ठुंठ भरायला वेळ लागला. या वेळी विश्रांती किती घ्यायची ते सायसिंगने ठरवलं. मी फक्त ड्रेसिंग केलं.

त्यानंतर आमच्या संस्थेत तिसरा प्रश्न आला. आता आम्ही कुणाकडेही गेलो की विचारतो, तुला गावातून कसलं बोलावणं येतं? आणि ते येत राहावं म्हणून आम्ही काय करू नये? गोकुळ नव्या कार्यकर्त्यांना मला दाखवून सांगतो, "ह्यानी एकदाव गावले हुकूम दिधा व्हता." सगळे हसतात. मीही हसतो. हसू पूर्ण येत नाही, आणि ते तसंच असू द्यावं असं मला वाटतं.

होळी झाली, उसातली माणसं परतली. दगडांवर आमचुराच्या फोडी वाळत पडल्या होत्या. मी सायसिंगच्या ओट्यावर बसून त्याची नवी पट्टी गुंडाळत होतो. दिवस कलला होता. पायांचा आवाज आला. जामीचा हात दिव्याकडे गेला, सवयीने. पण आवाज दाराशी थांबला.

रविता होती. पाठीशी मुलगी बांधलेली. आत न येता ती म्हणाली, "उद्या आमच्याकडे लाह. नवी भिंत घालायची. दोघांनी या." मग माझ्याकडे बघून, "तू पण ये."

सायसिंग माझ्याकडे बघत होता. ठुंठावरची कातडी अजून गुलाबी होती, पातळ होती. चिखलात दिवसभर बसला तर काय होईल हे मला पक्कं माहीत होतं.

मी विचारलं, "सकाळी किती वाजता?"

दुसऱ्या दिवशी त्याने बसून बांबू फाडले आणि अख्ख्या गावाची टिंगल केली. मला चिखल वाहायला लावलं. माझी घमेली अर्धी सांडत होती, आणि बाया माझ्या चालीची नक्कल करत होत्या. जेवण झाल्यावर सायसिंग उठला, काठी घेतली आणि एकटाच निघाला. मी जागेवर बसून राहिलो. एकेका दाराशी त्याचा आवाज ऐकू येत होता, थांबत, पुढे जात. जामी ऐकत होती. तिने हातातलं भांडं खाली ठेवलं नव्हतं.

सगळी दारं झाल्यावर तो परत आला. घामाने निथळत होता, जरा लंगडत होता. तो माझ्यासमोर उभा राहिला आणि बाकीच्या दारांशी सांगितलं त्याच सुरात म्हणाला,

"उद्या आमच्याकडे लाह. छप्पर चढवायचंय. या."

माझी कंबर धरली होती, हाताला फोड आले होते. सूट मागायची सोय नव्हती.

"येतो," मी म्हणालो.